उंच स्वरावरील शब्द आणि श्वासाचा मोकळा प्रवाह

पास्काजागरणाच्या विधीत गाणाऱ्याच्या श्वासाची खरी कसोटी लागते ती पत्रवाचनानंतर. संपूर्ण प्रायश्चित्तकाळात ज्याचा उच्चार झालेला नसतो तो ‘आलेलूया’ याजक तीन वेळा गातात. प्रत्येक वेळी स्वर एक पायरी वर चढतो आणि भाविक त्याच उंचीवर प्रतिसाद देतात. पहिला आलेलूया बहुधा सर्वांना साधतो. दुसऱ्याला हनुवट्या वर जाऊ लागतात. तिसऱ्याला मात्र काही पुरुष एक सप्तक खाली उतरतात, काही भगिनी गप्प होतात आणि जे उरतात त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ दिसतात. विधी संपल्यावर याचे कारण विचारले तर एकच उत्तर मिळते : दम पुरला नाही.

हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. आलेलूया हा चार अक्षरांचा शब्द आहे; त्याला लागणारी हवा अगदी अल्प असते. दम संपत नाही, तो अडतो. श्वास कोठे अडतो, का अडतो आणि मराठी शब्द उंच स्वरावर गाताना तो मोकळा कसा ठेवावा, याची माहिती धर्मग्रामांतील गायकवृंदांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना उपयोगी पडावी म्हणून येथे एकत्र दिली आहे.

कामठी आणि अनेक भाषांचे गायन

कन्हान नदीच्या काठी वसलेली कामठी ही १८२१ साली इंग्रजांनी स्थापन केलेली लष्करी छावणी. येथे प्रामुख्याने मद्रास सैन्याच्या पलटणी असत. या भागातील कॅथलिक मिशनकार्यही पूर्वेकडूनच आले. संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे फ्रेंच मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणम येथे उतरले आणि नागपूरचा प्रदेश बराच काळ त्याच मिशनच्या कक्षेत होता. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व १९५३ साली तो महाधर्मप्रांत बनला. छावणी, रेल्वे आणि पुढे कोळशाच्या खाणी व वीजकेंद्रे यांमुळे या परिसरात तमिळ, तेलुगू, मल्याळी, कोकणी, हिंदी आणि मराठी बोलणारी कुटुंबे एकत्र आली. अशा ठिकाणी एकाच गायकवृंदात चार मातृभाषांचे गळे असणे नवलाचे नाही, आणि त्या प्रत्येकाची ओठ, जीभ व जबडा हलवण्याची सवय वेगळी असते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ साली पवित्र उपासनाविषयक संविधान स्वीकारले आणि लोकभाषांना उपासनेत हक्काचे स्थान मिळाले. संगीताविषयी त्यात जे म्हटले आहे त्याचा आशय असा की, गायकवृंदांना उत्तेजन द्यावे, पण सर्व भाविकांना आपल्या वाट्याचे गायन सक्रियपणे करता यावे याचीही काळजी घ्यावी. १९६७ सालच्या ‘मुसिकाम साक्राम’ या सूचनापत्राने त्याचे अधिक विवरण केले. लॅटिनची जागा मराठीने घेतली तेव्हा अर्थ जवळ आला, परंतु गळ्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. लॅटिनमध्ये स्वर थोडे, स्पष्ट आणि बहुतांशी उघडे असतात. मराठीत महाप्राण व्यंजने आहेत, जोडाक्षरे आहेत, अनुस्वार आहेत. पाश्चात्त्य चालीवर बेतलेल्या भाषांतरित गीतांत तर चालीचे शिखर आणि शब्दाचे वजन यांची नेहमीच चुकामूक होते. जो स्वर चालीत सर्वांत उंच असतो त्यावर नेमका एखादा ऱ्हस्व, निरुपद्रवी प्रत्यय येऊन बसतो.

ही चुकामूक टाळण्याचा मार्ग आपल्याकडे जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे. ओवी ही बोलण्याच्या लयीजवळ राहणारी, थोड्याच स्वरांत फिरणारी चाल. तिच्यात शब्द कधी गुदमरत नाही. पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनीही अभंग-भजनांच्या देशी घाटात ख्रिस्ती गीते रचली. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे असले तरी त्यांच्या मार्गाचा लाभ सर्वच मराठी ख्रिस्ती मंडळींना झाला आहे.

श्वास संपतो की अडतो

शांत बसलेला मनुष्य एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो. पूर्ण भरलेला श्वास पूर्ण सोडला तर निरोगी प्रौढ व्यक्तीच्या छातीतून तीन ते पाच लिटर हवा बाहेर पडते. गाताना सेकंदाला सुमारे एक ते दोन दशांश लिटर एवढीच हवा खर्च होते. हिशेब सोपा आहे : भक्तिगीताची एक ओळ आठ-दहा सेकंदांची असेल तर दोन लिटरांच्या आत काम भागते. तरीही ओळीच्या शेवटी गायक कासावीस होतो, याचा अर्थ हवा कमी नव्हती.

घडते ते असे. स्वरयंत्रातील दोन स्वरतंतू हवेच्या दाबाने उघडतात व मिटतात. स्वर जितका उंच तितक्या जलद गतीने ही उघडझाप होते. काळी चार या पट्टीत गाणाऱ्या भगिनीचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४१५ कंपने. एवढ्या जलद गतीसाठी स्वरतंतू लांब ताणले जातात, पातळ होतात आणि त्यांना हलवण्यासाठी खालून हवेचा दाब थोडा वाढावा लागतो. येथेच नवशिका गायक गोंधळतो. दाब वाढवायचा म्हणून तो गळा आवळतो. मानेचे, जिभेच्या मुळाचे व जबड्याचे स्नायू स्वरयंत्राला वर खेचतात, स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि हवेची वाटच बंद होऊ लागते. वाट बंद झाली की गायक आणखी जोर लावतो, जोर लागला की वाट आणखी आवळते. जड वस्तू उचलताना आपण श्वास कोंडून धरतो तीच ही क्रिया; शरीराला ती जन्मतः येते आणि गाण्यात तिचा काहीही उपयोग नसतो.

‘पोटातून गा’, ‘श्वासपटलाने ढकला’ असा उपदेश अनेक ठिकाणी केला जातो. त्यामागचा हेतू चांगला असला तरी शरीरशास्त्र चुकते. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू आहे. तो हवा बाहेर ढकलू शकत नाही. बाहेर जाणाऱ्या हवेवर नियंत्रण असते ते पोटाच्या व बरगड्यांमधील स्नायूंचे. चांगला गायक श्वास घेतल्यावर बरगड्यांचा पिंजरा एकदम कोसळू देत नाही, तो ओळ संपेपर्यंत उघडा ठेवतो आणि पोट सावकाश आत येते. इटालियन गानशिक्षकांनी या तोलाला ‘आधार’ या अर्थाचा ‘अप्पोज्जो’ हा शब्द योजला आहे. ढकलणे आणि आधार देणे यांतील फरक प्रत्यक्ष शिकताना कळतो. कागदावर तेवढेच सांगता येईल की ढकलणाऱ्याचे पोट घट्ट व गळाही घट्ट असतो, आधार देणाऱ्याचा गळा मऊ असतो.

आणखी एक गोष्ट. उंच स्वर येणार म्हणून छाती तुडुंब भरून घेऊ नये. गळ्यापर्यंत भरलेली हवा बाहेर पडण्यासाठी धडपडते आणि तिला थोपवण्यासाठी गळा मिटतो. सुखाने मावेल तेवढाच श्वास घ्यावा, खांदे न उचलता, नाकातोंडातून नि:शब्दपणे. श्वास घेताना घशातून घरघर ऐकू आली तर वाट आधीच अरुंद झाली आहे असे समजावे.

मराठी अक्षरांचा स्वभाव

आता मुख्य विषय. निव्वळ आकारात उंच स्वर लावणारे अनेक असतात. शब्द आला की तेच अडखळतात. कारण प्रत्येक अक्षर श्वासाच्या वाटेत काहीतरी करते.

व्यंजनांचा विचार आधी करू. म, न, ल, र, य, व ही व्यंजने उच्चारताना आवाज चालू राहतो. ‘मरिया’ हा शब्द म्हणूनच गाण्यास अत्यंत सुखद आहे. त्यात श्वास एकदाही तुटत नाही. ‘आलेलूया’चेही तसेच : ल, ल आणि य. संपूर्ण ख्रिस्ती जगतात हा शब्द भाषांतर न होता टिकला याची कारणे अर्थातच धार्मिक आहेत, पण गळ्याच्या दृष्टीनेही त्याच्याइतका सोयीचा जयघोष शोधून सापडणार नाही.

क, च, ट, त, प यांचा स्वभाव वेगळा. येथे जीभ किंवा ओठ क्षणभर वाट पूर्ण बंद करतात आणि आवाज थांबतो. ही बंदी ओठांत किंवा जिभेच्या टोकाशी असावी. गळ्याने तिच्यात भाग घेऊ नये. ‘पवित्र’ हा शब्द उंच स्वरावर सुरू होतो तेव्हा ‘प’ म्हणताना अनेकांचा गळाही मिटतो आणि पुढचा स्वर धक्क्याने फुटतो. ओठ सैल मिटून ‘प’ हलका सोडला तर मागचा श्वास वाहताच राहतो. ‘त्र’ हे जोडाक्षर पुढच्या तालमात्रेच्या अगदी जवळ नेऊन ठेवावे, आधीचा ‘वि’ पुरेसा लांबवावा. सर्व जोडाक्षरांना हाच नियम लागू पडतो : स्वर लांब, व्यंजने उशिरा आणि झटपट. ‘ख्रिस्त’ या नावात चार व्यंजने आणि त्यांच्यामध्ये एकच ऱ्हस्व इकार आहे. ‘ख्र’ तालाच्या किंचित आधी उच्चारून इकार तालावर आणावा, तो टिकवावा आणि ‘स्त’ शेवटी सोडावा. ‘स’वर रेंगाळणारा गायकवृंद ध्वनिक्षेपकातून शिट्टीसारखा ऐकू येतो, आणि ‘स’मधून हवाही फार वाया जाते.

ख, घ, थ, ध, फ, भ ही महाप्राण अक्षरे आपल्या भाषेचे वैभव आहेत. भक्ती, धन्य, भजन, थोर हे शब्द त्यांच्यावाचून संभवत नाहीत. पण महाप्राण म्हणजे हवेचा झोत. मध्य सप्तकात तो खपून जातो. तार सप्तकात ‘भ’ जोराने उच्चारला तर पुढच्या स्वरासाठी ठेवलेला दाब एका क्षणात निघून जातो. म्हणून उंचीवर महाप्राण हलका करावा, गाळू मात्र नये. ‘भक्ती’ची ‘बक्ती’ झालेली कोणालाच आवडणार नाही. आपल्या सणाचा शब्द ‘पुनरुत्थान’ या बाबतीत थोडा फसवा आहे. ‘त्था’मध्ये आधी बंदी, मग झोत असा दुहेरी प्रसंग येतो, परंतु त्यापाठोपाठ मोकळा ‘आ’ आहे. त्या ‘आ’कडे लक्ष ठेवले तर शब्द सुटतो.

स्वरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठी भक्तिशब्दांची अखेर पाहा : स्तुती, शांती, मुक्ती, भक्ती, कीर्ती. आणि आपल्या ओठांवर सर्वाधिक येणारी दोन नावे : येशू, प्रभू. सारे ईकार आणि ऊकार. चालीचा ओढा बहुधा ओळीच्या अखेरीस वर जाण्याचा असतो आणि तेथे मराठी भाषा आपल्या हाती सर्वांत अरुंद स्वर ठेवते.

अरुंद स्वर उंचीवर का अडतात याला भौतिक कारण आहे. प्रत्येक स्वरासाठी तोंडाची पोकळी विशिष्ट आकार घेते आणि त्या आकाराचा स्वतःचा अनुनाद असतो. ई व ऊ यांचा सर्वांत खालचा अनुनाद सेकंदाला सुमारे तीनशे कंपनांच्या आसपास असतो, तर ‘आ’चा त्याच्या दुपटीहून अधिक. वर उल्लेखिलेला ४१५ कंपनांचा तार षड्ज ‘आ’च्या अनुनादाखाली आरामात बसतो, पण ‘ई’ व ‘ऊ’ यांच्या अनुनादाच्या वर निघून जातो. म्हणजे पोकळीची साथ सुटते, आवाज बारीक व कोंडलेला वाटतो आणि गायक नकळत जोर लावतो. स्वीडनचे ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंदबेर्ग यांनी १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की, निष्णात गायिका स्वर जसजसा चढतो तसतसा जबडा अधिक उघडतात आणि पोकळीचा अनुनाद स्वराबरोबर वर नेतात. त्या जोर वाढवत नाहीत, जागा वाढवतात.

याचा मराठीतील व्यवहार असा. ‘येशू’ तार सप्तकात गाताना मनात ‘ऊ’ धरावा, ओठांची गोलाई ठेवावी, पण जबडा खाली सोडावा. ऐकणाऱ्याला ‘येशू’च ऐकू येईल, गाणाऱ्याला मात्र आतून तो ‘ओ’कडे झुकल्यासारखा वाटेल. ‘येशो’ होईपर्यंत जाऊ नये. ‘स्तुती’च्या ‘ती’ला ओठ ताणून हसल्यासारखे करण्याची सवय फार सार्वत्रिक आहे, ओठ बाजूला ताणण्याऐवजी जबडा उभा उघडावा, म्हणजे ‘ई’ किंचित ‘ए’च्या दिशेने सैल होईल. फार उंचीवर सगळेच स्वर एकमेकांसारखे ऐकू येऊ लागतात, हेही खरे. ज्या ओळीतील शब्द भाविकांना कळलाच पाहिजे ती ओळ तेवढ्या उंचीवर ठेवणे हा चाल रचणाऱ्याचा दोष आहे, गाणाऱ्याचा नव्हे.

मराठीने गायकाला एक मोठी सवलतही दिली आहे. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो : देव, प्रेम, मन. बोलीत ‘प्रेम’ ओठ मिटून संपते. गाताना मात्र परंपरेने तो ‘अ’ जिवंत होतो आणि ओठ उघडे राहतात. अभंग गाणाऱ्या कोणत्याही वारकऱ्याला हे सांगावे लागत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलामुलींना मात्र सांगावे लागते, कारण ती ‘म’वर थबकतात आणि उरलेल्या मात्रा नाकात गुणगुणत काढतात. अनुस्वाराचेही तसेच आहे. ‘आनंद’ व ‘शांती’ यांतील अनुनासिक अगदी शेवटच्या क्षणी यावे. आधीचा ‘न’चा अकार व ‘शा’चा आकार तोवर पूर्ण मोकळा असावा. ‘आमेन’ गाताना ‘मे’ लांबवावा आणि ‘न’ सर्वांनी एकाच वेळी, शेवटी मिटवावा.

ज्या शब्दाचा आरंभच स्वराने होतो, उदाहरणार्थ आलेलूया, आनंद, ईश्वर, तेथे गळ्यात ‘टक्’ असा आवाज होऊन स्वर फुटतो. मिटलेले स्वरतंतू दाबाने उघडल्याची ती खूण आहे. श्वास आधी वाहू लागावा आणि स्वर त्यावर अलगद यावा. ऐकू न येईल इतका पुसट ‘ह’ मनात म्हटला तर हे साधते. ‘होसान्ना’ हा शब्द तर तो ‘ह’ स्वतःच घेऊन येतो.

दोन गायक

मराठी शब्द आणि तार सप्तक यांचा संबंध समजण्यासाठी दोन थोर गायकांची ध्वनिमुद्रणे गायकवृंदांनी अवश्य ऐकावीत. पहिले विदर्भाचेच सुपुत्र पं. वसंतराव देशपांडे. १९२० साली मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या वसंतरावांचे आरंभीचे शिक्षण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील त्यांची खाँसाहेबांची भूमिका सर्वश्रुत आहे. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर हेही नागपूरचेच. नाट्यपदात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कळावा लागतो. वसंतराव तार सप्तकात वेगाने फिरतात तेव्हाही अक्षर स्पष्ट असते, कारण व्यंजनाला ते क्षणापेक्षा अधिक वेळ देत नाहीत.

दुसरे पं. कुमार गंधर्व. १९४७-४८ च्या सुमारास त्यांना क्षयरोगाने गाठले. ते देवासला राहावयास गेले, पुढे स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचाराने बरे झाले, तरी एक फुप्फुस निकामी झाले. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. त्यानंतर चार दशके ते गायले आणि त्यांचे तार षड्ज ऐकून कोणालाही त्या आजाराची कल्पना येणार नाही. त्यांनी लांब ओळींचा हव्यास सोडला. लहान, नेमके स्वरवाक्य घेतले, मध्ये श्वासाला जागा ठेवली आणि त्या थांबण्यालाही गाण्याचा भाग केले. ‘माझ्या छातीत दम नाही’ असे म्हणणाऱ्या कोणाही गायकाला याहून बोलके उदाहरण देता येणार नाही. त्यांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर हे आवाजाच्या शास्त्राचा पाश्चात्त्य पद्धतींसह अभ्यास करणाऱ्या मोजक्या भारतीय संगीतज्ञांपैकी होते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

पट्टीचा प्रश्न

पुष्कळदा दोष गळ्याचा नसून हार्मोनियमवर ठेवलेल्या बोटाचा असतो. पुरुषांची सोयीची पट्टी साधारण काळी एकच्या आसपास आणि स्त्रियांची काळी चार किंवा पाच. दोघांनी एकत्र गावयाचे म्हटले की वादक बहुधा स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो. ती पुरुषाची असेल तर स्त्रियांना खाली गुणगुणावे लागते अथवा वरच्या सप्तकात किंचाळावे लागते. संपूर्ण मंडळीने गावयाच्या गीतात सर्वांत उंच स्वर मधल्या पट्टीतील पांढरी दोन किंवा काळी दोनच्या वर शक्यतो नेऊ नये; पुरुष तोच स्वर एक सप्तक खाली घेतात. त्याहून उंच भाग गायकवृंदाने किंवा एकट्या गायकाने घ्यावा. आजच्या कीबोर्डवर पट्टी बदलण्याची कळ असते. तिचा उपयोग रविवारच्या सकाळी तर अवश्य करावा, कारण सकाळी सातच्या मिस्सेत गळा संध्याकाळपेक्षा जड असतो. रात्री तालमीत सहज लागलेली पट्टी सकाळी अर्धा किंवा एक स्वर खाली घेण्यात कमीपणा नाही.

बसण्याचाही विचार व्हावा. सतरंजीवर मांडी घालून, पुस्तक मांडीवर ठेवून गाणारा गायक मान खाली वाकवतो, आणि उंच स्वर आला की हनुवटी एकदम वर उडवतो. दोन्हींत गळ्याची नळी मुरडते. पुस्तक डोळ्यांच्या समोर येईल असे ठेवावे, पाठ ताठ असावी, नजर समोर.

तालमीत करण्याजोगे

श्वास अडतो की वाहतो हे तपासण्याची एक घरगुती युक्ती आहे. पेल्यात पाणी घेऊन त्यात शीतपेयाची नळी दोन बोटे बुडवावी आणि नळीतून फुंकत गीताची चाल गुणगुणावी. बुडबुडे सारखे येत राहिले तर श्वास वाहतो आहे. उंच स्वराशी बुडबुडे थांबले किंवा एकदम उसळले तर नेमकी तीच अडण्याची जागा. अमेरिकेतील आवाजशास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी नळीतून गाण्याच्या या अभ्यासाचा मोठा प्रसार केला आहे. तोंडाशी वाट अरुंद असली की मागे थोडा दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर आदळण्याऐवजी हलके टेकतात. नळी नसेल तर लहान मुले मोटारीचा आवाज काढताना ओठ फुरफुरवतात तसे करीत चाल म्हणावी. मोठ्यांना याचे हसू येते. मुले मात्र आनंदाने करतात आणि लवकर शिकतात.

हे साधल्यावर तीच ओळ केवळ तिच्यातील स्वरांवर गावी. ‘प्रभू माझा’ असे शब्द असतील तर ‘अ-ऊ-आ-आ’ एवढेच, एका अखंड धाग्यासारखे. मग त्या धाग्यात व्यंजने एकेक करून ओवावी. धागा तुटला की परत स्वरांवर यावे. शब्द, चाल आणि ताल एकदमच शिकवण्याच्या घाईत हा टप्पा बहुतेक गायकवृंद गाळतात, आणि मग नाताळच्या आदल्या आठवड्यात घसे बसतात.

श्वास कोठे घ्यावा हे पुस्तकात पेन्सिलीने खूण करून ठरवावे. शब्दाच्या मध्ये तो घेऊ नये; उंच स्वराच्या अगदी आधीही घेऊ नये, तर एक-दोन शब्द अगोदर, अर्थाच्या विरामाला घ्यावा. लांब ओळीत गायकवृंदाने आळीपाळीने श्वास घ्यावा : शेजारचा घेतो तेव्हा आपण घेऊ नये, परत येताना हळू आवाजात मिसळावे. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते.

विदर्भाचे हवामान

पास्काचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. एप्रिलमध्ये नागपूर-कामठीकडे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, मे महिन्यात पंचेचाळीसलाही पोहोचतो आणि हवा अत्यंत कोरडी असते. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांच्या व कोळसाखाणींच्या परिसरात धुळीची भर पडते. कोरडे झालेले स्वरतंतू हलवण्यासाठी अधिक दाब लागतो, म्हणजे उंच स्वर अधिक कठीण होतो. गाण्याच्या आधी प्यालेला पाण्याचा घोट स्वरतंतूंना स्पर्शही करीत नाही; तो अन्ननलिकेत जातो आणि स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तोंडाशी असते. पाण्याचा परिणाम शरीरातून, काही तासांनी होतो. म्हणून पास्काजागरणाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत राहावे. साध्या गरम पाण्याची वाफ मात्र थेट पोहोचते. नवा अग्नी आणि धूप यांच्या अगदी जवळ गायकवृंदाला उभे करू नये.

विदर्भातील आणखी एक उपद्रव म्हणजे कूलर. त्याच्या घरघरीत गायकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि ते नकळत जोरात गाऊ लागतात. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो हे फ्रेंच तज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले. कूलर गायकवृंदापासून दूर, अथवा उंच गीताच्या वेळी मंद ठेवावा आणि गायकांना स्वतःचा आवाज ऐकू येईल असा एक लहान ध्वनिवर्धक त्यांच्याकडे वळवावा.

सर्दी नसताना आवाज दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तोवर गाणे व कुजबुजणे दोन्ही बंद ठेवावे, कारण जोर लावून केलेली कुजबूजही घशावर ताण आणते. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचे स्वरयंत्र वाढत असते आणि त्यांचा आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. या काळात त्यांना जुन्या उंच जागा गाण्यास लावू नये आणि गायकवृंदातून काढूही नये. मधल्या चार-पाच स्वरांत बसणारे प्रतिसाद त्यांच्याकडे द्यावेत व दर दोन-तीन महिन्यांनी त्यांची पट्टी पुन्हा तपासावी.